होम रिपोर्ट कुठून घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

स्कॉटलंडमधे घर विकायला काढायचं म्हणजे आधी होम रिपोर्ट (घराची अवस्था आणि किंमत सांगणारे कागद), मग फोटो, मग "फॉर सेल"चा बोर्ड. १ डिसेंबर २००८ पासून तसा कायदाच आहे, आणि तरी घरांचा सीझन सुरू झाला की आपल्या मंडळींची तीच तीच पत्रं येतात, म्हणून यावेळी सगळी एकत्रच घेतली. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, पैशाचा विषय आहे आणि शेजारीपाजारी पण हे पान वाचतात.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचा ग्लासगोला तिसऱ्या मजल्यावर टू-बेडरूम टेनेमेंट (म्हणजे जुन्या दगडी, सामाईक जिन्याच्या बिल्डिंगमधला) फ्लॅट आहे, तो विकायचाय. होम रिपोर्टसाठी तीन ठिकाणी विचारलं. एक एजंट म्हणाला रिपोर्ट आमच्याकडून फ्री, दुसरा म्हणाला घर विकलं की मग पैसे द्या, आणि एका सर्व्हेअरच्या, म्हणजे घर तपासून किंमत ठरवणाऱ्याच्या, ऑफिसने सरळ कोट दिला, तो ऐकून मिस्टरांचा चेहरा पडला. ते म्हणतात फ्री मिळतोय तर घे, शेवटी कागद तोच. खरंच तोच असतो का?

फॉरमॅट तोच असतो, एवढं मिस्टरांचं बरोबर आहे. होम रिपोर्टमधे तीन कागद असतात: सिंगल सर्व्हे, एनर्जी रिपोर्ट आणि प्रॉपर्टी क्वेश्चनेअर. पहिले दोन सर्व्हेअर करतो, तो आरआयसीएसचा म्हणजे चार्टर्ड सर्व्हेअर्सच्या संस्थेचा रजिस्टर्ड माणूस असावा लागतो, आणि तिसरा फॉर्म तुम्ही स्वतः भरायचा. हे सगळीकडे सारखंच, कोणी त्यात कमीजास्त करू शकत नाही.

पण सगळी मेख अशी आहे की पैसे तुम्ही देता आणि वाचणार दुसरेच. रिपोर्ट वाचतो घेणारा, त्याहून बारकाईने वाचतो त्याचा सॉलिसिटर म्हणजे वकील, आणि शेवटचा शब्द असतो त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा. सिंगल सर्व्हेमधे व्हॅल्युएशन असतं आणि बहुतेक सर्व्हेअर त्याबरोबर मॉर्गेजसाठीचा एक छोटा व्हॅल्युएशन रिपोर्ट पण जोडून देतात. घेणारा बँकेत गेला की बँक त्याच सर्व्हेअरकडून तो आपल्या फॉर्मवर उतरवून घेते. मात्र बँक हे तेव्हाच करते जेव्हा तो सर्व्हेअर तिच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्यांच्या यादीत, असतो. पॅनेलवर नसला तर घेणाऱ्याला नव्याने व्हॅल्युएशन करावं लागतं, त्याचा खर्च आणि आठवडे गेले, शिवाय नवीन आकडा कमी आला तर तुमचा सौदाच लटकला. म्हणून कोट मागताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तुम्ही कुठल्या कुठल्या लेंडरच्या पॅनेलवर आहात. चांगलं ऑफिस फोनवर दोन मिनिटांत सांगतं. जिथे माणूस अडखळला तिथे स्वस्त असला तरी नको.

आता फ्रीचं बघू. फ्री काहीच नसतं हो, सर्व्हेअरला कोणीतरी पैसे देतोच, फक्त ते कुठल्या ओळीत लपलेत ते शोधायचं. एजंटची फी बाकीच्यांपेक्षा जास्त आहे का बघा. घर विकलं नाही किंवा तुम्हीच मधे विचार बदलला तर रिपोर्टचे पैसे लागतील का ते विचारा, कारण बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमधे ते कलम असतंच असतं आणि त्यात कधीकधी मार्केटिंगचा खर्चही धरलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन महिन्यांनी एजंट बदलावासा वाटला तर रिपोर्ट तुमच्याबरोबर येणार का, हे लेखी घ्या. तोंडी "हो हो, नो प्रॉब्लेम" म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत असा अनेकांचा अनुभव आहे. "विकल्यावर पैसे द्या" हा प्रकार त्यामानाने प्रामाणिक असतो, हातात रोख कमी असेल तर जरूर घ्या, फक्त न विकल्यास काय ते वाचून.

माझं विचाराल तर सर्व्हेअरला स्वतः फोन करावा. फी ठरलेली नसते, घराच्या किमतीवर आणि आकारावर जाते, काहीशे पौंडांचा मामला असतो, त्यामुळे दोनतीन कोट घ्यायला हरकत नाही. पण तुमच्याच भागात नेहमी काम करणारा असावा. टेनेमेंट बघायची नजर वेगळी लागते, वाळूच्या दगडाची झीज, सामाईक छप्पर, मागची गटरं, हे ज्याला रोजचं आहे तो योग्य तेवढंच लिहितो, आणि ज्याला नाही तो घाबरून सगळ्याला "स्पेशलिस्टला दाखवा" लिहून मोकळा होतो. त्या एका ओळीने घेणारे पळतात.

आणि तो येईल त्या दिवशी घर कसं असावं हे पण सांगते, कोणी सांगत नाही म्हणून. ही पाहणी डोळ्यांनी करायची असते. सर्व्हेअर कार्पेट उचलत नाही, कपाटं सरकवत नाही, छप्पर खालून दुर्बिणीने बघतो, लॉफ्टमधे तीन मीटरच्या शिडीने पोचता आलं तरच डोकावतो, आणि भिंतीला जागोजागी ओल मोजायचं मीटर लावत जातो. जे दिसलं नाही ते "तपासता आलं नाही" असं लिहून टाकतो आणि घेणाऱ्याच्या मनात लगेच पाल चुकचुकते. तेव्हा लॉफ्टच्या झाकणाखालचं कपाट हलवून ठेवा, बॉयलरपाशी रचलेल्या सूटकेसा काढा, बाथरूममधे मागच्या भिंतीपर्यंत जाता यावं. आंघोळीनंतर खिडकी उघडी टाका, ओल्या भिंतीवर मीटर उगाच बोंबलतं.

रिपोर्टमधे घराच्या प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ अशी कॅटेगरी मिळते. १ म्हणजे सध्या काही करायला नको, २ म्हणजे पुढे लक्ष द्यावं लागेल, ३ म्हणजे तातडीने करा. जुन्या टेनेमेंटला एक सुद्धा २ न मिळणं जवळपास अशक्य, ते मनाला लावून घेऊ नका. पण ३ येऊ शकेल असं काही माहीत असेल, तुटलेलं गटर, ठिबकणारा पाइप, तर ते आधीच करून घ्या. तुमच्याकडे फॅक्टर, म्हणजे बिल्डिंगची सामाईक देखभाल बघणारा, असेलच, ग्लासगोला बहुतेक बिल्डिंगांना असतो, छपराच्या दुरुस्तीचं मंजूर झालंय का, कोणाच्या वाट्याला किती पैसे येतात, ते त्याच्याकडून लेखी मागवून ठेवा. घेणाऱ्याचा सॉलिसिटर पहिला हाच प्रश्न टाकतो.

प्रश्न: एडिनबरा. एजंट घरी येऊन म्हणाला २ लाख ८५ हजार आरामात येतील. होम रिपोर्ट आला तर व्हॅल्युएशन २ लाख ६५ हजार! वीस हजारांचा फरक. सर्व्हेअरशी भांडावं, की दुसऱ्याकडून नवीन रिपोर्ट करून घ्यावा? असं करता येतं का?

करता येतं, कायद्याने बंदी नाही, पण थांबा जरा.

एजंटचा आकडा आणि सर्व्हेअरचा आकडा हे दोन वेगळे प्राणी आहेत. एजंटला तुमचं काम मिळवायचं होतं. सर्व्हेअरच्या आकड्यावर बँक कर्ज देणार, आणि तो चुकला तर जबाबदारी त्याच्यावर येते, कारण सिंगल सर्व्हेवर तुम्ही, घेणारा आणि त्याची बँक असे तिघंही कायद्याने भरवसा ठेवू शकता. त्यामुळे तो हात राखून लिहिणारच.

तुमच्याकडे तर ऑफर्स ओव्हरची पद्धत, घर मागितल्यापेक्षा वर जाऊ शकतं. पण त्या वरच्या पैशाचं गणित नीट समजून घ्या. समजा व्हॅल्युएशन २ लाख ६५ हजार आणि कोणी २ लाख ८० हजारांची ऑफर टाकली. बँक कर्ज २ लाख ६५ हजारांच्या हिशोबानेच देणार, वरचे १५ हजार त्याने खिशातून रोख आणायचे, आणि ते त्याच्या डिपॉझिटच्या शिवाय. म्हणजे व्हॅल्युएशन कमी असलं की वर जाऊ शकणारी माणसंच कमी होतात, नवीन लग्न झालेली, पहिलं घर घेणारी जोडपी तर तिथेच गळतात. उलट व्हॅल्युएशन थोडं कमी आणि घर चांगलं असलं की बघायला गर्दी होते आणि क्लोझिंग डेटला, म्हणजे ऑफर टाकायच्या शेवटच्या दिवशी, पाचसहा बंद पाकिटं येतात, असंही होतं. तुमच्या एरियात कुठलं होतंय ते मागच्या चारसहा महिन्यांत विकलेल्या घरांवरून कळतं. एजंटला विचारा की तू नुकतीच विकलेली तीन घरं सांग, व्हॅल्युएशन किती होतं आणि गेलं कितीला. जो सांगत नाही त्याच्या २ लाख ८५ हजाराला काही अर्थ नाही.

सर्व्हेअरशी भांडू नका, पुरावा द्या. त्याच गल्लीत तशाच आकाराचं घर हल्लीच जास्त किमतीला गेलं असेल तर पत्ता आणि किंमत कळवा, विक्रीच्या किमती लँड रजिस्टरमधे नोंदल्या जातातच, त्या लपून राहत नाहीत. मोजमापात चूक असेल, बेडरूम चुकीच्या मोजल्या असतील, नवीन बॉयलर लक्षात घेतला नसेल, तर ते दुरुस्त करायला तो बांधील आहे. एखादी कॅटेगरी ३ ची गोष्ट तुम्ही आता करून घेतलीत तर बिल दाखवून पुन्हा बघायला बोलवा. बाकी "अजून दहा वाढवा ना" याला तो हो म्हणणार नाही, आणि जो लगेच हो म्हणतो त्याच्या रिपोर्टला बँका पण तेवढीच किंमत देतात.

दुसरा रिपोर्ट म्हणजे सगळे पैसे दुसऱ्यांदा. पहिल्यात ठळक चूक दिसत असेल आणि सर्व्हेअर ऐकतच नसेल तरच. नुसता आकडा आवडला नाही म्हणून दुसरा करून घेतलेल्यांना बरेचदा पहिल्याच्या आसपासचाच आकडा मिळतो आणि वर फी जाते.

प्रश्न: आमचं अ‍ॅबर्डीनला सेमी-डिटॅच्ड घर आहे. २०१६ मधे किचन आणि लिव्हिंग रूममधली भिंत काढून मधे स्टीलचा बीम टाकला, ओळखीच्या बिल्डरने केलं, छान केलंय, कौन्सिलकडे मात्र काही विचारलं नव्हतं. आता प्रॉपर्टी क्वेश्चनेअरमधे बदल केलेत का असं विचारलंय. "माहीत नाही" लिहिलं तर चालेल का? बिल्डर आता फोन घेत नाही.

नाही चालणार. स्वतःच्या घराची भिंत स्वतः पाडून "माहीत नाही" कसं लिहिणार, अहो? फॉर्ममधे स्पष्ट विचारलंय की तुमच्या काळात स्ट्रक्चरल बदल, वाढीव बांधकाम वगैरे केलंत का, आणि केलं असेल तर प्लॅनिंग परमिशन, बिल्डिंग वॉरंट (काम करायच्या आधीची कौन्सिलची परवानगी), कंप्लिशन सर्टिफिकेट (काम नियमाने झाल्याचा कागद) घेतलं का. शेवटी तुम्ही सही करता की वर लिहिलेलं आमच्या माहितीप्रमाणे खरं आहे. खोटं निघालं तर घेणारा नंतर तुमच्यामागे येऊ शकतो, आणि ते निघतंच, कारण सर्व्हेअर दारातून आत आला की त्याला कळतं की इथे भिंत होती. त्या गल्लीतली सगळी घरं एका नकाशाची असतात, त्याने शेजारच्या पंचवीस घरांमधे ती भिंत बघितलेली असते. तो सिंगल सर्व्हेमधे लिहिणार "भिंत काढल्याचं दिसतं, कागदपत्रं बघावीत", आणि तुमच्या फॉर्मवर दुसरंच. घेणाऱ्याचा सॉलिसिटर दोन कागद शेजारी ठेवून वाचतो. त्याचं कामच ते आहे.

वजन पेलणारी भिंत काढायला वॉरंट लागतंच, तेव्हा आता मागे जाऊन रस्ता करायचा. १ मे २००५ नंतर वॉरंटशिवाय केलेल्या कामाला उशिराने कंप्लिशन सर्टिफिकेट मागता येतं, तुमचं २०१६ चं आहे म्हणजे हाच मार्ग. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, तो बीम बघेल, दोन्ही टोकांना बीम कशावर टेकलाय ते बघेल, त्यासाठी प्लास्टरबोर्डला चौकोन पाडून उघडायला लावेल, वाईट वाटतं पण करावं लागतं. मग तो गणित करून रिपोर्ट देतो, बीमला आगीपासून संरक्षण केलंय का ते पण बघतो, बिल्डरने नेमकं तेच केलेलं नसतं. मग नकाशे आणि फी घेऊन कौन्सिलच्या बिल्डिंग स्टँडर्ड्सकडे अर्ज, आणि त्यांचा माणूस येऊन बघतो. भिंतीचं काम २००५ च्या आधीचं असलं तर हा मार्ग नसतो, तिथे काही कौन्सिल पाहणी करून एक पत्र देतात, घेणाऱ्याचा सॉलिसिटर ते मान्य करतो की नाही ते त्याच्यावर.

याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून होम रिपोर्ट ऑर्डर करायच्या आधी हे सुरू करा, नाहीतर रिपोर्ट शिळा होईल आणि सर्टिफिकेट आलेलंच नसेल. फॉर्ममधे "बदल केला, वॉरंट घेतलं नव्हतं, कंप्लिशनसाठी अर्ज केलाय" असं सरळ लिहिलं तरी माणसं घर घेतात. लपवलेलं सापडलं की मात्र किंमत पाडतात किंवा निघून जातात, आणि त्यांचं चूक नाही.

बाकीच्या वाचकांनाही सांगते, त्या फॉर्ममधे सोळा भाग आहेत आणि लोक तो रात्री टीव्ही बघत भरतात. कौन्सिल टॅक्स बँड, पार्किंग, फॅक्टरची फी, सामाईक जिना आणि छप्पर, पूर किंवा आगीने नुकसान, अ‍ॅस्बेस्टॉस, ओल किंवा ड्राय रॉटची (लाकूड खाणाऱ्या बुरशीची) ट्रीटमेंट, तिची गॅरंटी कुठे आहे, खिडक्या बदलल्या का, कौन्सिलची किंवा शेजाऱ्याची नोटीस आली का. पूर्ण एक शनिवार द्या, बिलांची फाइल समोर घेऊन. सर्व्हेअर कितीही महाग घेतलात तरी हा कागद तुमचाच आहे. आणि भरल्यानंतर काही बदललं, समजा मधेच छपराची नोटीस आली, तर सॉलिसिटरला लगेच कळवायचं.

स्मोक अलार्मचं पण इथेच सांगून टाकते. १ फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म हवेत, बसायच्या खोलीत एक, प्रत्येक मजल्याच्या हॉल किंवा लँडिंगला एक, किचनमधे हीट अलार्म, आणि गॅस बॉयलर, हीटर किंवा फायरप्लेस असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा. सर्व्हेअर ते वाजवून बघत नाही, पण घेणारे विचारतात.

प्रश्न: मी इंग्लंडात, रेडिंगला असतो. २००९ मधे हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने एक जाड पॅक दिला होता, हिप म्हणायचे त्याला. आता मी विकतोय तर मला पण तसा पॅक करावा लागेल का? एडिनबराचा मित्र म्हणतो लागतो.

मित्र त्याच्या गावापुरता बरोबर आहे. तुम्हाला लागत नाही.

तुम्ही म्हणताय तो होम इन्फर्मेशन पॅक, इंग्लंड आणि वेल्समधे २००७ साली आला. ऑगस्टमधे आधी चार बेडरूम आणि मोठ्या घरांना, सप्टेंबरमधे तीनच्या, आणि डिसेंबरमधे सगळ्यांना. त्यात टायटलचे म्हणजे मालकीचे कागद, कौन्सिल आणि पाणी कंपनीकडच्या नोंदींचे सर्च, एनर्जी सर्टिफिकेट, लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचं घर) असेल तर लीज. मूळ योजनेत घराच्या अवस्थेचा रिपोर्ट पण सक्तीचा होता, तो २००६ च्या जुलैमधेच ऐच्छिक करून टाकला, आणि माझ्या मते तिथेच त्या पॅकचा जीव गेला. भिंत ओली आहे का, छप्पर कसं आहे, हेच त्यात नाही, मग घेणारा तो वाचणार कशाला? तो आपला वेगळा सर्व्हे करायचाच, बँक आपलं वेगळं व्हॅल्युएशन करायची, आणि विकणारा काहीशे पौंड घालून फाइल बनवायचा जी कोणी उघडत नसे. मे २०१० मधे नवीन सरकार आल्या आल्या पॅक थांबवला आणि २०११ च्या कायद्याने तो रीतसर गेला. स्कॉटलंडवाल्यांनी सर्व्हे आणि व्हॅल्युएशन आत ठेवलं म्हणून त्यांचा रिपोर्ट अजून चालतोय. तिकडे आधी एका घरावर पाच जण बोली लावायचे आणि पाचही जण आपापला सर्व्हे पैसे देऊन करायचे, चौघांचे पैसे पाण्यात, ते तरी थांबलं.

त्यातलं एनर्जी सर्टिफिकेट, म्हणजे ईपीसी, तेवढं शिल्लक आहे. घर मार्केटवर टाकायच्या आधी ते असायला हवं किंवा निदान ऑर्डर केलेलं हवं. ते दहा वर्षं चालतं, तेव्हा नवीन करायच्या आधी सरकारी ईपीसी रजिस्टरवर पोस्टकोड टाकून बघा. तुमच्या २००९ च्या पॅकमधलं मात्र कधीच संपलं.

बाकी सक्ती नसली तरी पॅक डोक्यातून काढू नका. सॉलिसिटर तुम्हाला टीए-सिक्स नावाचा प्रॉपर्टी फॉर्म भरायला देणारच आहे, तो ऑफर आल्यावर भरण्यापेक्षा आत्ताच भरा. एक्स्टेंशन केलं असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट, खिडक्यांचं फेन्सा सर्टिफिकेट, बॉयलरचं गॅस सेफ सर्टिफिकेट, शोधून ठेवा. फ्लॅट लीजहोल्ड असेल तर मॅनेजमेंट कंपनीकडून माहितीचा पॅक मागवायला लागतो, त्याला पैसेही पडतात आणि आठवडेच्या आठवडे लागतात, इंग्लंडातले कित्येक सौदे त्याच एका कागदासाठी रखडतात. आणि ऑक्टोबर २०२५ मधे सरकारने प्रस्ताव मांडलाय की विकणाऱ्याने घराची महत्त्वाची माहिती आधीच द्यावी, म्हणजे फिरून गाडी तिथेच आली म्हणा ना.

प्रश्न: होम रिपोर्ट किती दिवस चालतो? आम्ही करून घेतला आणि मग आईच्या आजारपणामुळे दीड महिना भारतात जावं लागलं. घर अजून मार्केटवर टाकलेलं नाही. एजंट म्हणतो आता घाई करा.

आई बऱ्या असतील अशी आशा आहे.

नियम असा, की घर मार्केटवर जाईल त्या दिवशी रिपोर्ट बारा आठवड्यांपेक्षा जुना नको. तुमचे दीड महिना म्हणजे सहासात आठवडे गेले, अजून पाचएक हातात आहेत, तारीख रिपोर्टवर असते ती बघून मोजा. म्हणजे घाई आहे पण पळापळ नाही. फोटो, ब्रोशर वगैरे आत्ता करून घ्या.

एकदा मार्केटवर गेलं की मग कायद्यासाठी नवीन करावा लागत नाही, घर सहा महिने पडून राहिलं तरी. पण बँकेचं घड्याळ वेगळं चालतं, व्हॅल्युएशन तीनएक महिन्यांच्या वर जुनं झालं की बहुतेक बँका ताजं मागतात. तेव्हा त्याच सर्व्हेअरकडून रिफ्रेश करून घेता येतं, नवीन रिपोर्टपेक्षा ते स्वस्तात होतं. आधीच विचारून ठेवा की रिफ्रेशचे किती घेता, काही ऑफिसं पहिल्या फीमधेच एक रिफ्रेश धरतात, काही वेगळे लावतात, आणि कोट घेताना ही गोष्ट कोणी विचारतच नाही. मधे घर मार्केटवरून काढलंत तर चार आठवड्यांच्या आत परत टाका, त्याच्या वर गेलं तर पुन्हा नवीन रिपोर्ट.

प्रश्न: आमचं घर ऑफिसमधलाच एक मित्र घेतोय, एजंट नाही, जाहिरात नाही. तरी होम रिपोर्ट करायचा?

घर बाजारात आणलंच नाही तर कायद्याने लागत नाही. नवीन बांधलेली घरं, हॉलिडे होम, पाडायला काढलेली घरं यांनाही सूट आहे. पण मित्र कर्ज काढतोय ना? मग त्याची बँक व्हॅल्युएशन मागणारच, ते त्याने करायचं. आणि ईपीसी तुम्हाला द्यावंच लागतं, तेवढं करून घ्या. किंमत मात्र दोघांनी चहावर ठरवू नका, एखाद्या सर्व्हेअरकडून आकडा घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी दोघांपैकी एकाला वाटणार की आपण फसलो, आणि रोज त्याच कॅन्टीनमधे बसायचंय.

प्रश्न: मी घेणारा आहे, डंडीला. एजंटकडे होम रिपोर्ट मागून आठवडा झाला, आज देतो उद्या देतो चाललंय. घर बघायला मात्र बोलावतोय.

मागितल्यापासून नऊ दिवसांत द्यायला हवा, आणि घर बाजारात आहे म्हणजे रिपोर्ट त्याच्याकडे असायलाच हवा, नसेल तर ५०० पौंड दंडाची तरतूद आहे. तुम्हाला घर परवडणार नाही किंवा खरंच घ्यायचं नाही असं त्याला वाटलं तर तो नाकारू शकतो, पण मग तसं सांगायला हवं, टोलवायचं नाही. प्रिंट काढून पाठवायचा वाजवी खर्च मागू शकतो, पण हल्ली बहुतेक जण लिंक फुकटच देतात. आता ईमेल करा, तारीख टाकून, आणि नऊ दिवस उलटले तर कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे व्यापाराचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, कळवा. घर बघायला जायचंच असेल तर जा, पण व्हॅल्युएशन आणि कॅटेगरी ३ ची यादी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सॉलिसिटरला ऑफर टाकायला सांगू नका.